दाजींची गिटार ऐकू येत नाही

८ जानेवारी ६७, सातारा
अंग आंबून गेलंय. काल वडूजला बारशाचा कार्यक्रम, पहाटे उसाच्या ट्रकमधून परत. कपड्यांत पाचट. हिरा म्हणाली, आंघोळ करा आधी, मग झोपा. झोप लागली नाही.

परत येताना किसन ट्रकमध्ये बोलला, "दाजी, तुमची गिटार दिसती झ्याक, पर ऐकाय येत न्हाई." सगळे हसले. मीही हसलो. पार्टी त्याची, गाणारा तो, आणि मी त्याच्या बहिणीचा, हिराचा नवरा. त्यामुळे तो माझ्याशी जे बोलतो ते हसण्यावारीच बोलतो. लगेच पुढं कोरेगावच्या बँजोवाल्याचं कौतुक निघालं. एका बोटानं टाइपरायटर बडवल्यासारखा वाजवतो, पण मांडवाच्या बाहेरपर्यंत जातो म्हणे.

खोटं नाही ते. ढोलकी, पेटी, झांजा, वर किसनचा गळा. त्यात माझ्या सहा तारा म्हणजे कढीत पडलेली मोहरी.

१० जानेवारी
रेडिओवाल्या वसंतरावांकडे, पोवई नाक्यावर. गेल्या साली त्यांनीच मिलिटरी डिस्पोजलच्या टेलिफोनातली बोलायची डबी काढून गिटारीला चिकटपट्टीनं डकवून दिली होती. त्यातून तारांपेक्षा माझ्या सदऱ्याच्या गुंड्या जास्त ऐकू येतात. तसं सांगितलं. ते म्हणाले, "अहो, ते टेलिफोनवर बोलायसाठी केलेलं. खरा पिकअप मुंबईत मिळंल, इथं कुठला?"

कचेरीत जावक टपालाचा ढीग. चार वाजता चष्म्यातून सगळी पाकिटं सारखीच दिसायला लागली.

१९ जानेवारी
पिकअप आला! हिराचा मावसभाऊ गोदीत आहे, त्यानं कुणा साहेबाच्या मोडक्या गिटारीतला मिळवून पाठवला. जुन्या मोज्यात गुंडाळलेला. काळी पेटी, बोटभर रुंद, वर सहा खिळ्यांची डोकी. एकेका तारेखाली एकेक बसवायचं. सोबत आवाज लहानमोठा करायचं बटणही.

हिरानं हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "एवढ्याशासाठी एवढा जीव टाकलाय व्हय?"

आता तो बसवायला गिटारीला भोक पाडावं लागणार. इथला सुतार बैलगाड्या करतो. त्याला देणार नाही.

२९ जानेवारी
थंडी हटत नाही. डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट सकाळी लाकडासारखं. लडाखच्या बर्फाची देणगी, अठ्ठेचाळीस साली पलटणीत होतो तेव्हाची. डॉक्टर तेव्हा म्हणाला होता, बोटं राहिली हेच नशीब समज. फेब्रुवारी सरला की मोकळी होतील. दरसाल होतात.

५ फेब्रुवारी, मिरज
गाडीनं आलो, गिटार चादरीत. तंबोरे करणाऱ्या दस्तगीरभाईंचं दुकान विचारत विचारत सापडलं. आत भोपळेच भोपळे, चपड्याचा वास. म्हातारा माणूस. गिटार घेतली, पोटावर टिचकी मारली, कानाला लावली. मग म्हणाले, "हिला भोपळा न्हाई, बिचारीला. तरी बोलती हां."

कामं सांगितली. पिकअपसाठी भोक. खुंट्यांच्या चाव्यांचे दाते झिजलेत, सूर तासभर टिकत नाही, त्या बदलायच्या. घोडी चिरलीय, नवी शिसवीची. त्यांनी घोडीवर बोट फिरवलं आणि डोळे बारीक केले. मी ओळखलं. म्हणालो, हिला जवारी काढू नका. तंबोऱ्यासारखी घणघणायला लागली तर किसन मला हाकलून देईल. ते म्हणाले, "मग तार बोलनार कशी?" तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा हो म्हणाले, पण नाराज झाले.

डिसोझाकडून ही गिटार घेतली तेव्हा आमच्या पलटणीच्या बँडात एवढ्या तारांचं वाद्य दुसरं नव्हतं. तो ड्रम वाजवायचा, सुट्टीत ही. मला त्यानंच शिकवली. पहिल्यांदाच परक्या घरी ठेवून निघालो. हात मोकळे मोकळे वाटत होते, चांगल्या अर्थानं नाही.

१२ फेब्रुवारी
निवडणूक. गावात सगळी लाउडस्पीकरची यंत्रं जीपगाड्यांवर चढलीत. वसंतराव म्हणतात, मतदान होईपर्यंत अॅम्प्लिफायर मागू नका, माझ्या बायकोलाही देणार नाही. मला मतदान केंद्रावर ड्यूटी. दोन रात्री शाळेच्या बाकावर काढायच्या. पाठ जाणार.

२६ फेब्रुवारी, मिरजेहून गाडीत
गिटार घेतली. काय सांगू. नव्या चाव्या तुपासारख्या फिरतात. पिकअप असा बसवलाय की जन्मापासून तिथंच होता वाटावं. भोवती हाडाची बारीक किनार, मी न सांगता. आणि तारा! खालच्या जाड्या तिन्ही पितळेच्या घातल्यात.

"खर्जाला पितळच पायजे," दस्तगीरभाई म्हणाले. "तुमच्या त्या पोलादी तारा म्हंजी सुईनं पत्रा खरडल्याचा आवाज. आता ऐका."

ऐकलं. दुकानातले सगळे भोपळे घुमले. खरंच सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. म्हातारा माझ्याकडं बघत होता, कारागीर बघतो तसं. त्यांच्याकडं अॅम्प्लिफायर नाही, लावून बघायचा प्रश्न आला नाही. त्यांनाही आठवलं नाही, मलाही नाही.

येताना गाडीत एकानं विचारलं, सतार आहे का. नाही म्हणालो आणि उगीच छाती फुगली.

५ मार्च
कुंडलला हळदीचा कार्यक्रम झाला काल. आमचंच गाव, चुलतभावांसमोर. लिहायचं जिवावर आलंय.

वसंतराव त्यांचं यंत्र घेऊन आले होते. वायर जोडली, बटण फिरवलं, वरची तार छेडली. मांडव दणाणला. पोरं ओरडली. किसननं मागं वळून बघितलं, चेहरा उजळला होता त्याचा. मग खालची तार छेडली. काही नाही. दुसरी. काही नाही. तिसरी. वरच्या तिन्ही बोंबलतायत, खालच्या तिन्ही मुक्या. अख्खं गाणं असं वाजलं की कुणी तरी अर्धं वाक्य बोलून गप्प बसावं. चुलता म्हणाला, "नाम्या, तुझ्या पेटीचं दात पडलं का रं?"

वसंतरावांनी सकाळी खिशातून लोहचुंबक काढला. वरच्या तारेला लावला, चिकटला. पितळेच्या तारेला लावला, घसरून पडला. "नामदेवराव, पिकअप म्हणजे चुंबक. त्याला पोलाद हललेलं कळतं. पितळ त्याच्या गावी नाही." मग दोघंही त्या सुंदर तारांकडं बघत बसलो.

दस्तगीरभाईंना कसं सांगू? आयुष्यभर खर्जाला पितळ घातलं त्या माणसानं. त्याचा कान खरा. माझं यंत्र बहिरं.

१२ मार्च
पोलादी तारा चढवल्या. पितळेच्या गुंडाळून डब्यात. वसंतरावांच्या दुकानात लावून पाहिली, सहाही बोलल्या. कपबशा थरथरल्या. समोरचा पानवाला उठून आला. हौस फिटली म्हणायची.

२१ मार्च
मार्चअखेर. रात्री आठपर्यंत कचेरी. गिटारीला हात नाही. साहेब म्हणतात, उद्याही थांबा.

२ एप्रिल
म्हसवड. काल रात्रीचं.

सगळं जमलं होतं. सहाही तारा, चाव्या घट्ट, सूर हलला नाही. किसननं पहिल्याच गाण्यात मला दोन ओळींची मोकळी जागा दिली. बारा वर्षांत पहिल्यांदा मी स्वतःला ऐकलं.

मी तालाच्या मागं होतो. थोडा नाही. करंगळी आणि शेजारचं बोट पडद्यावर पोचेपर्यंत ढोलकी पुढं निघून गेलेली असायची. मी घाई केली तर तार अर्धीच दाबली जायची आणि भसकन आवाज. तोही मोठ्यानं, भोंग्यातून, सगळ्या मैदानाला. दुसऱ्या गाण्यात तेच. आणि कालचा दिवस असा तापलेला की रात्रीही सदरा अंगाला चिकटत होता. थंडीचं नाव घ्यायला जागा नाही.

म्हणजे हे आजचं नाही. किती वर्षं असं वाजवत होतो? ऐकू येत नव्हतं म्हणून निभलं. सगळ्यांचं आणि माझंही.

पुढची दोन गाणी ढोलकीवाला मुद्दाम सावकाश वाजवत होता, ते मला कळलं, आणि ते जास्त लागलं. ट्रकमध्ये किसन म्हणाला, "दाजी, आवाज लय भारी हाय आता." एवढंच. साताऱ्यापर्यंत एकदाही हसला नाही.

३ एप्रिल
हिराला सांगितलं. ती भाकरी थापत होती, थांबली नाही.

"मला कवाचं ठाऊक हाय."

कसं?

"दुधाचं पातेलं तुमी डाव्या हातानं धरत न्हाई. दोन सालं झाली. सदऱ्याच्या गुंड्याबी एका हातानं लावता."

मग बोलली का नाहीस?

"काय बोलू? तुमी फेब्रुवारीची वाट बगत हुता."

राग आला. कुणाचा ते ठरवता येईना.

९ एप्रिल
किसन आला. जेवला. चौदा तारखेला सांगलीला जयंतीचा मोठा कार्यक्रम, आपली पार्टी आणि इस्लामपूरची, समोरासमोर. मी मनाशी ठरवलं होतं की त्यानं विषय काढला तर म्हणायचं, तूच सांग, मी बसू का नको. त्यानं काढलाच नाही. बँजोवाल्याचंही नाव नाही. उठताना म्हणाला, "दाजी, तुमी म्होरं बसायचं हां. पांढरा सदरा घाला."

जावयाला कोण सांगणार की तू नको. बहीण दिलीय त्या घरात. त्यानं सांगावं असं मला वाटतं, आणि त्यानं सांगितलं असतं तर मी जन्मभर त्याच्या दारात गेलो नसतो, हेही मला माहीत आहे. त्यालाही माहीत आहे.

मी स्वतःहून म्हणू शकलो असतो. म्हणालो नाही. जयंती होती ना.

११ एप्रिल
सकाळी कचेरीच्या आधी तासभर, संध्याकाळी तासभर. हात गरम पाण्यात बुडवून, तेल चोळून. एकच चाल. ढोलकी नसताना बरी येते. समोर हिराला ताल धरायला बसवलं. ती टाळी देते, मी मागं पडतो, मग ती टाळी थांबवून धरते. म्हटलं, थांबू नकोस. म्हणाली, "आपसूक हुतं."

१५ एप्रिल
सांगलीचं.

निळे झेंडे, ही गर्दी. बायका पोरांना खांद्यावर घेऊन उभ्या. मी पुढं बसलो, पांढरा सदरा. यंत्र मागं पेटीवाल्याशेजारी, वसंतराव त्याच्यापाशी. पहिलं गाणं संथ होतं. बरं गेलं. माझ्या तारा भोंग्यातून येत होत्या, मी नीट ऐकल्या.

दुसरं जलद. मी जीव तोडून वाजवायला लागलो. अर्ध्या कडव्यात वाटलं की काहीतरी गेलं. खालची तार उगीच जोरात छेडली. लाकडाचाच आवाज आला, माझ्या पोटाशी. भोंग्यातून काही नाही. वायर हलवून पाहिली, घट्ट होती. बटण पाहिलं, पुरतं उघडं होतं. मागं वळलो. वसंतराव आपल्या चपलांकडं बघत होते. आणि आठवलं, हे दुसरं गाणं सुरू व्हायच्या आधी किसन पाणी प्यायला म्हणून यंत्रापाशी वाकला होता.

किसन डोळे मिटून गात होता. आवाज असा लागला होता त्याचा काल, काय सांगू. मला त्याचा राग येत होता आणि गाणं आवडत होतं, दोन्ही एकाच वेळी.

मग मी काय केलं? वाजवत राहिलो. सगळी गाणी. मान हलवली, हात फिरवला, हसलो. मुक्यानं भाषण करावं तसा. आपली पार्टी वरचढ ठरली. हार घातले. एक बाई पोराला पुढं करून म्हणाली, "गिटारवाल्या काकांच्या पाया पड." पोरगं पडलं. मी आशीर्वाद दिला.

१७ एप्रिल
काल दिवसभर झोपून. हिरानं विचारलं, आवाज बरा आला का परवा. सरळ विचारलं नसतं तर बोललो नसतो. म्हटलं, तुझ्या भावानं यंत्रावरचं माझं बटण बंद केलं होतं, ठाऊक आहे तुला?

तिनं पदराला हात पुसले. मग म्हणाली, "मीच म्हनलं त्याला."

मी उठून बसलो.

"त्यो आला तवा मागच्या दारी रडला माज्याजवळ. दाजीला कसं काडू म्हनला. मी म्हनलं, काडू नको. पर चार लोकांत त्यांचं हसंबी हू दिऊ नको. त्ये तूच बग कसं करायचं."

जेवलो नाही. या दोघांनी माझी अब्रू राखली. माझ्यापासूनच लपवून राखली. लहान पोराला रिकामी वाटी देऊन जेवण जेवण खेळायला लावतात, तसं मला मांडवात बसवलं, आणि मी जेवलो. वर तिच्यावर ओरडावं तर कशासाठी?

रात्री तिनं ताट झाकून ठेवलं. सकाळी मी ते मुकाट्यानं खाल्लं.

२० एप्रिल
वसंतराव रस्त्यात टाळत होते, आज मीच दुकानात गेलो. चहा मागवला त्यांनी. माफी वगैरे काही नाही. रेडिओ लावला. गिटारच वाजत होती, पण वेगळी, तारेवरून आवाज घसरत जाणारी, रडल्यासारखी. म्हणाले, "ही मांडीवर आडवी ठेवून वाजवतात. डाव्या हातात लोखंडी कांडी, ती तारेवरून सरकवायची. बोटांनी दाबायचं कामच नाही." मग माझ्याकडं न बघता, "तारा नुसत्या उंच उचलायला पाहिजेत. मिरजेचा तुमचा माणूस करील."

म्हणजे पहिल्यापासून शिकायचं. सत्तेचाळिसाव्या वर्षी. बोटांना जे माहीत आहे ते सगळं टाकून. विचारानंच दमलो.

२१ एप्रिल
किसनचा निरोप. वैशाख पौर्णिमेला कऱ्हाडला कार्यक्रम. "दाजींना सांग, त्यांच्याबिगर पार्टी न्हाई."

हिरानं निरोप सांगितला आणि आत गेली. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं नाही.

२३ एप्रिल, मिरज
दस्तगीरभाईंच्या दुकानासमोरच्या कट्ट्यावर बसून लिहितोय. ऊन रणरणतंय.

सकाळी पितळेच्या तारांचं आधी सांगून टाकलं. वाटलं होतं, रागावतील. बराच वेळ पिकअपकडं बघत राहिले. म्हणाले, "पितळ ऐकाय येत न्हाई त्याला? मग त्यो गाणं काय ऐकनार?" आणि विषय संपला.

मग नवं काम सांगितलं. तारा उचलायच्या, कांडीनं वाजवायची. त्यांनी गळ्याच्या टोकाची, तारा टेकतात ती पट्टी नखानं चाचपली. हिच्या जागी उंच पट्टी बसवीन म्हणाले, घोडीही उंच करावी लागेल. गळ्यावरचे पडदे कांडीला खालून लागतात म्हणून घासून सपाट करायचे, त्यांची तीच पद्धत. "पर एक हाय. पडदे घासले की परत बोटांनी वाजवायची म्हनाल तर व्हनार न्हाई. नीट सांगा."

मी म्हणालो, एकदा वाजवू द्या.

यंत्र नव्हतं. ढोलकी नव्हती. म्हसवडला जे गाणं हातातून गेलं तेच घेतलं. सावकाश. करंगळीला पोचायला वेळ लागला, मी थांबलो, पोचली, मग पुढं. गाणं माझ्यासाठी थांबत होतं. शेवटपर्यंत गेलं, एकही सूर न गळता. कधी गेलं नव्हतं असं. एवढ्या हळू ते कुणी गाऊ शकणार नाही, कुणी त्यावर नाचू शकणार नाही. पण मला पुरं ऐकू आलं.

दस्तगीरभाईंनी कानस हातात घेतली होती, ती खाली ठेवली. आतून सुनेनं चहा आणला, तो प्यायलो. मग त्यांनी विचारलं, "बोला. घासू?"

म्हटलं, थोडं बाहेर बसतो.

गिटार आत त्यांच्या मांडीवर आहे. ते काही करत नाहीत, नुसते बसलेत. मधून मधून मान वळवून माझ्याकडं बघतात.